ओवाळणीतलं कार्ड

चहा गाळून झाला की विजयमालाकाकू गाळणी पातेल्याच्या काठावर आपटतात. ती कशी आपटली यावरून त्या आज कुणावर जळून राहिल्यात ते मला जिन्यातच कळतं. हलकी टिकटिक झाली तर समजायचं, समोरच्या शेखावत आंटींचा कढीपत्ता काकूंच्या कढीपत्त्यापेक्षा वर गेलाय. दोनदा टकटक झाली तर कुणाच्या तरी सुनेनं सासूला विमानात बसवलंय. आणि एकच दणका बसला, तर आमच्या काकूंच्या नणंदबाई, वैशाली नगरच्या नीलिमाताई.

दिवाळीच्या आधीच्या त्या सकाळी तो एकच दणका असा बसला की गाळणीची दांडी वाकली.

"ये," काकू म्हणाल्या. "बस. आज तू साक्षीदार."

मी प्रताप नगरात यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. चहाला खाली उतरायचं हे भाडेकरारात लिहिलेलं नाही, पण पाळावं लागतं. खाली काकू आणि संभाजीकाका दोघंच. काका रेल्वेत सिग्नलकडे होते. बडनेऱ्याहून बदलीवर जयपूरला आले, तेव्हा काकूंनी दोन वर्षांसाठी म्हणून निम्मीच भांडी आणली होती. उरलेली अजून बडनेऱ्यालाच आहेत. मुलगा ध्रुव इथंच जन्मला, इथंच शिकला आणि नोकरीला बंगळुरूला गेला. काकूंची भाषा मात्र जंक्शन सोडून हलली नाही. तिच्यात फक्त 'मतलब' आणि 'भैया' चढले, तेही विनातिकीट.

आपण जळतो हे काकू उघड सांगतात. "लोक मनातल्या मनात जळतात आणि वरून म्हणतात, बहोत बढ़िया. मले नाही जमत बाप्पा. मी जळते तं धूर दिसलाच पाहिजे."

त्या सकाळचा धूर काकांच्या मोबाईलमधून निघाला होता. मोबाईल काकांचा, पण तो राहतो काकूंच्या गाऊनच्या खिशात. काकांना कुणी फोन केला की आधी काकू मुलाखत घेतात. तर त्या मोबाईलवर बँकेचा निरोप आला होता की क्रेडिट कार्डाची वार्षिक फी लागली आहे.

"कोणतं कार्ड हे?" काकूंनी काकांना विचारलं.

"जुनं हाय." काका पेपरात.

"किती जुनं?"

"ते बँकेचे पोरं स्टेशनवर टेबल लावून बसायचे, तेव्हाचं."

"वापरता?"

"नाही."

"मंग बंद करा."

"बघू."

'बघू' म्हणजे 'नाही', हे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात काकूंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी बंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला. ध्रुव दात घासत होता.

"मम्मी, मतलब जुनं अकाउंट आहे ना पप्पाचं, ते बंद नको करू. स्कोअर पडतो. जितनं जुनं तितनं चांगलं."

"तुझ्या बापाले कोणतं कर्ज काढायचं आहे या वयात? स्कोअर घेऊन काय क्रिकेट खेळणार हाय?"

"अरे पण राहू दे ना. पडलं आहे तर पडलं आहे."

"पडलेल्या वस्तूची फी नाही लागत, ध्रुव. तोंड धू."

फोन ठेवून त्यांनी थेट बँकेला लावला. मी चहासाठी जिना उतरत होते तेव्हा उघड्या दारातून दोघं दिसत होते, आणि स्पीकरवर बँकेतली मुलगी काकांची जन्मतारीख विचारत होती. काकांनी ती सांगितली, बायको बोलेल म्हणून परवानगी दिली आणि ते पेपराच्या मागे गेले.

"कार्ड बंद करना है," काकू म्हणाल्या.

"जी मैम. एक बात बता दूँ, प्राइमरी कार्ड बंद हुआ तो उस पर जो ऐड-ऑन कार्ड है, वो भी बंद हो जाएगा. नीलिमा जी वाला."

पेपर हलला नाही. पेपर इतका स्थिर कुणी धरत नाही.

"किसका वाला?"

"नीलिमा जी, मैम. सिस्टर लिखा है."

काकूंनी शांतपणे फोन कापला, शांतपणे उठल्या, आणि गाळणीचा तो दणका बसला. मला आत बसवून त्या काकांकडे वळल्या.

"कवा दिलं?" त्यांनी विचारलं.

"भाऊबीजेले."

"कोणत्या?"

"रणजीत बॉर्डरवर होता ना, त्या वर्षी." रणजीत म्हणजे नीलिमाताईंचे यजमान, तेव्हा फौजेत. "तिची पोरगी सुरुची लहान. नीलू एकटी इथं, भाड्याच्या घरात. म्हटलं, अडीअडचणीले असू दे."

"त्या भाऊबीजेले तुमच्या खिशात पाकीट मी ठेवलं होतं. माझ्या हातानं. वरती एक रुपयाचं नाणं चिकटवून."

"तेही टाकलं ताटात."

"म्हणजे तिले दोन ओवाळण्या!"

"पाकीट तुझं होतं, विजू. कार्ड माझं."

काका हे अगदी सहज बोलले, आणि नेमकं तेच काकूंना जिथं लागायचं तिथं लागलं. त्या खाली बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या माझ्याकडे वळून, जणू मीच न्यायाधीश आहे अशा आवाजात बोलायला लागल्या.

"आमच्या घरचा पाडवा तुले माहीत आहे काय? नवऱ्याले ओवाळायचं, आणि नवऱ्यानं ताटात काहीतरी टाकायचं. लग्नाच्या पहिल्या पाडव्याले हे नुसते माझ्याकडे पाहत बसले. मी म्हटलं, काही टाका ना. तं म्हणतात, काय टाकू? तेव्हापासून काय घ्यायचं ते मी ठरवते. बाजारात मी जाते. मी आणते, मी पुड्यात बांधते आणि ओवाळायच्या आधी यांच्या खिशात मीच ठेवते. मंग हे ते काढून माझ्या ताटात टाकतात, आणि मी म्हणते, 'अय्या!'"

मला हसू आलं. काकूंना आलं नाही.

"दरवर्षी म्हणते मी 'अय्या'. म्हटलं, बाप्पा, या माणसाले सुचतच नाही. देवानं घडवतानाच तो पुरजा टाकला नाही. मी मान्य केलं होतं पोरी! आणि आज कळते का सुचते. बरोबर सुचते. फक्त वैशाली नगरसाठी सुचते."

काकांनी पेपर खाली घेतला. पान उलटलं आणि पुन्हा पेपर वर घेतला.

"बंद करा ते कार्ड," काकू म्हणाल्या. "मले फी-बी काही समजावू नका. तिच्याकडे ते आहे, ते मले नको."

"दिलेली ओवाळणी परत घेत नसतात," काका पेपरामागून म्हणाले. इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही नसावं.

"तुम्ही नका घेऊ. मी घेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वैशाली नगरला निघालो, आधी ई-रिक्षा आणि मग बस. रस्ताभर काकूंनी नीलिमाताईंवर आजवर जळण्याची कारणं सांगितली. ती गोरी. तिचं घर कोपऱ्याचं. फौजेच्या कॅन्टीनमधून तिला सगळं स्वस्तात मिळतं. तिची सुरुची फडाफडा मराठी बोलते आणि आपला ध्रुव 'जितनं तितनं' करतो. ती बेसनाच्या वड्या करते आणि त्या सुटतात.

"सुटतात म्हणजे?"

"थाळीतून, एकसारख्या, कोपऱ्यासकट. माझ्या नाही सुटत. माझा कोपरा थाळीले चिकटते."

नीलिमाताईंच्या स्वयंपाकघरात बेसनाचा खमंग वास भरला होता. ओट्यावर वड्यांची थाळी होती. आम्हाला बघून ताईंनी हात पुसले, काकूंच्या पाया पडल्या, आणि "वहिनी, न सांगता? बरं झालं, बसा. ही शेवटची थाळी," म्हणत पुन्हा कामाला लागल्या. वडीच्या कडेनं त्यांनी काहीतरी चपटं खुपसलं, अलगद उचकटलं, आणि वडी बाहेर आली. कोपऱ्यासकट.

काकू बघतच राहिल्या. वडीकडे नाही, त्या चपट्या वस्तूकडे.

"ते काय आहे?"

ताई थबकल्या. हातातल्या निळ्या प्लास्टिकवर बेसन माखलं होतं आणि बेसनाच्या खालून उठावाची अक्षरं दिसत होती.

"हे होय," ताई म्हणाल्या. "दादानं दिलं होतं कधीतरी. मुदत संपलेलं आहे. फेकायचं जिवावर येतं. आणि वड्यांना इतकं बरं पडतं वहिनी, पातळ असतं ना."

"मुदत संपली म्हणजे नवीन आलं असंल."

"आलं ना. आलं की दादा भाऊबीजेला आणून देतो."

"कुठं येते नवीन?"

"दादाच्याच पत्त्यावर."

काकूंनी डोळे मिटले. मला नंतर बसमध्ये त्यांनी सांगितलं की ते कुरियर त्यांनीच सही करून घेतलं होतं. बँकेची जाहिरात म्हणून काकांच्या हातात दिलं होतं, आणि वरून म्हणाल्या होत्या, 'फेका.'

"वापरतेस?" त्यांनी विचारलं.

नीलिमाताईंनी गॅस बंद केला. आता त्यांच्या आवाजातला पाहुणचार गेला. "एकदा वापरलं होतं. एकदाच. सुरुचीच्या शाळेचे बूट. दुकानातून घरी पोचते न पोचते तर तुझा फोन आला. आठवतं?"

"मी तं तुले रोजच फोन करते."

"त्या दिवशीचा आठव. तू म्हणालीस, 'नीलिमा, तुझ्या भावाच्या मोबाईलवर मेसेज आला, बुटाच्या दुकानाचा. हे इथं पलंगावर झोपले आहेत, यांनी बूट घेतले कुणासाठी?' मला म्हणालीस, 'तू बहीण आहेस, तू विचार त्याले, कोण आहे ती.'"

काकूंचा चेहरा! त्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जाग्यावर बसताना मला दिसत होती. तो फोन. मग काकांशी अबोला. काका म्हणाले होते, चुकून आला मेसेज. आणि पुढं काही दिवस काकू घरी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायांकडे बघत होत्या. हे त्यांनी मला पूर्वीच एकदा सांगितलं होतं, पण ती गोष्ट मोठी सावधगिरीची म्हणून सांगितली होती.

"ते बूट सुरुचीचे होते?"

"हो. तेव्हापासून ते कार्ड मी दुकानात नेलंच नाही. इथं मी काही घेतलं की तिकडं तुझ्या गाऊनमध्ये टुंग वाजायचं. दादानं दिलं म्हणे अडीअडचणीला! माझी अडचण हीच की दादाचा फोन तुझ्याकडे, पाकीट तुझ्याकडे, दादा तुझ्याकडे. तो काय खातो, काय घालतो, बहिणीला काय देतो, सगळं तू ठरवणार. भाऊबीजेचं पाकीट तुझ्या हातचं असतं, मला काय कळत नाही? नाणं कसं चिकटवलंय त्यावरून कळतं." ताईंनी वड्यांचं कार्ड थाळीत टाकलं. "जळते मी तुझ्यावर वहिनी. खोटं कशाला बोलू."

काकू बसल्या जागी पुढं सरकल्या.

"माझ्यावर?" काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखाद्याला अचानक बक्षीस लागलं तर तो विचारेल तसं विचारलं.

"चालू असलेलं कपाटात आहे. चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. हवं तर घेऊन जा."

काकू उठल्या. मला वाटलं आता घेतील. हात पुढं गेलाही. पण तो वळला थाळीकडे, आणि त्यांनी एक वडी उचलली. "साखर जरा जास्त झाली आहे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

बसमध्ये त्यांनी आधी त्या कुरियरची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, "गोरी आहे, कोपऱ्याचं घर आहे, आणि माझ्यावर जळते. माझ्याजवळ काय आहे जळण्यासारखं?" आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "आहे म्हणजे काहीतरी."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मी काकूंना ओळखत नव्हते. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्या काकांना म्हणाल्या, "तिचं मी आणलं नाही. पण ऐकून ठेवा. यंदा पाडव्याले मी तुमच्या खिशात काही ठेवणार नाही. तुम्ही ठरवा, तुम्ही आणा. बहिणीसाठी सुचलं, तं बायकोसाठीही सुचू द्या. नाही सुचलं तं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेले फोन लावते, आणि तुम्ही कार्ड बंद करा म्हणून सांगायचं. कबूल?"

काका 'बघू' म्हणाले नाहीत. घाबरलेला माणूस बघू म्हणत नाही. त्यांनी मान हलवली.

त्यानंतरचे दिवस मी काकांची धडपड वरच्या गॅलरीतून पाहिली. ते चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या बाजारात गेले, दिव्यांची रोषणाई बघून, कचोरी खाऊन रिकाम्या पिशवीनं परत आले. पुन्हा गेले. काकू दारातच पिशवीचा आकार बघायच्या, पिशवी चपटी दिसली की आत वळायच्या आणि स्वयंपाकघरातून गाळणीचा आवाज यायचा. तेव्हा चहा असो नसो.

एकदा काका जिना चढून माझ्याकडे आले. गुडघे धरून उभे राहिले. "पोरी, हिले काय आवडते?"

"काका, मी सांगितलं तर ते माझं होईल."

"हं," ते म्हणाले. "तेही खरंच." पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, "साडी घ्यायले गेलो तं सगळ्या सारख्याच दिसतात गं. बांगड्याचं माप मले माहीत नाही. इतक्या वर्षांत हिनं मले काहीच करू दिलं नाही, आणि आता परीक्षा घेते." मग आपलं आपणच हसले. "मीही करून पाहिलं नाही म्हणा."

पाडव्याच्या संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावलं नाही. मी आपणच गेले. काका पाटावर बसले होते, नवा झब्बा घालून. झब्ब्याचा खिसा सपाट. काकूंनी तो सपाट खिसा पाहिला, मी पाहिला, काकांनी आम्हाला तो पाहताना पाहिलं. काकूंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली.  ओवाळून त्यांनी ताट समोर धरलं आणि मान दुसरीकडे वळवली. 

काकांनी झब्ब्याच्या आत हात घातला. आतल्या बंडीच्या खिशातून एक निळं कार्ड काढलं आणि ताटात निरांजनाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"तेच. जुनं. माझ्या नावाचं, मुख्य."

"मी काय करू याचं?"

"बंद करायचं तं बंद कर. ठेवायचं तं ठेव. नीलूचं त्याच्यावर आहे, ते तुले माहीत आहे. तू सांगशील तसं मी बँकेले सांगतो. बघू म्हणणार नाही."

"बाजारात काही मिळालं नाही म्हणून हे?"

"मोबाईल तुझ्याकडे," काका म्हणाले. "पाकीट तुझ्याकडे. कपाटाची किल्ली तुझ्याकडे. माझ्याजवळ माझं असं हे एकच राहिलं होतं. तेच सुचलं."

काकू ताट धरून उभ्याच राहिल्या. अय्या म्हणाल्या नाहीत. कार्ड तापेल म्हणून तेवढं ते निरांजनापासून बोटानं दूर सारलं, पदराच्या टोकानं पुसलं, आणि आत निघून गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेले तर बँकेचा फोन लागलेला होता. काकांनी जन्मतारीख सांगितली, परवानगी दिली, आणि ते या वेळी पेपर न घेता बसले.

"जी मैम, कार्ड बंद करना है?"

"पहले एक बात बताओ, बेटा. ये मेरावाला, जो मुख्य है. इसको बंद किया तो उसका भी बंद?"

"जी मैम."

"और उसका बंद हुआ तो मेरा?"

"नहीं मैम, आपका चलता रहेगा. ऐड-ऑन तो प्राइमरी के नीचे होता है."

"नीचे," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "एक बार और बोलना बेटा, जोर से. नीचे ना?"

"जी मैम, नीचे."

"तो बंद नहीं करना. चालू रखो. और फी माफ करो, दिवाली है."

फी माफ झाली का, ते मला माहीत नाही, कारण मुलगी काहीतरी अटी वाचून दाखवत होती आणि काकू ऐकत नव्हत्या. त्या चहा गाळत होत्या. गाळणी त्यांनी पातेल्यावर आपटलीच नाही, वाकलेल्या दांडीनं अलगद बाजूला ठेवली.

त्याच दिवशी भाऊबीज होती; दुपारी मी त्यांच्याबरोबर वैशाली नगरला गेले. नीलिमाताईंनी भावाला ओवाळलं. काकांनी झब्ब्यातून पाकीट काढून ताटात टाकलं, वर रुपयाचं नाणं, चिकटवणं काकूंचंच. ताईंनी नाण्याकडे आणि मग वहिनीकडे पाहिलं. काकूंनी तेवढ्यात रुमाल शोधायला पर्स उघडली, आणि रुमाल सापडला तरी ती उघडीच ठेवली. आत सगळ्यांत वर निळं कार्ड होतं.

"नीलिमा," काकू म्हणाल्या, "ते कपाटातलं कार्ड काढ. चिकटपट्टी काढून टाक त्याची. खुशाल वापर. तुझ्या दादानं ताटात टाकलं आहे ते."

"आणि मेसेज?" ताईंनी विचारलं.

"येऊ दे मेसेज. मी फोन नाही करणार."

त्यांनी थाळीतली एक वडी उचलली, तिचे चारही कोपरे नीट पाहिले, आणि तोंडात टाकली.

"लगेच नाही करणार," त्या म्हणाल्या.